दिवेलागणीची चाळ

राहत्या इमारतीत सगळ्या खिडक्या एकाच वेळी कधी उजळत नाहीत. कुणी अजून कामावरून यायचं असतं, कुणी गावी गेलेलं असतं, कुणी दिवा न लावता नुसतंच गॅलरीत उभं असतं. मॉडेल रेल्वेच्या लेआउटसाठी दिव्यांच्या इमारती बांधायच्या तर हे आधी मनात पक्कं असावं लागतं. दिवे काय, लॅमिंग्टन रोडवर हवे तेवढे एलईडी मिळतात. खरं कसब लागतं ते उजेड अडवायला.

सध्या माझ्या टेबलावर गिरगावातली एक चाळ उभी राहते आहे. तीन मजले, वर कौलं, मागून लोकलचे रूळ. काळ १९७०च्या दशकाचा. माप एचओ, म्हणजे १:८७. फुटाला साडेतीन मिलिमीटर. दहा बाय बाराची खोली ३५ बाय ४२ मिलिमीटरची होते, चार फुटांची गॅलरी १४ मिलिमीटरची. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, ते या मापात १९ मिलिमीटरच्या थोडं वर यायला हवं. बाजारातले एचओचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे. ही तडजोड मी चालवून घेतो. इमारतीच्या मापात तडजोड चालत नाही, कारण गॅलरीत साडेपाच फुटी माणूस उभा केला की चुकलेलं दार लगेच उघडं पडतं.

जर्मनीत फालरसारख्या कंपन्या १९४०च्या दशकापासून या छंदासाठी घरं बनवताहेत. त्यांच्या संचांत खिडक्यांना लावायचे छापील पडदे आणि उजेड अडवायचे काळे कागदही येतात. ते पडदे तिथल्या घरांना शोभतात, थंडीच्या प्रदेशातल्या बंद खिडक्यांना. चाळीचं तसं नाही. संध्याकाळी चाळीची दारं सताड उघडी असतात, त्यामुळे आतली खोली दाखवावीच लागते. बाहेरच्या खोलीच्या दारातून आतलं दार दिसतं आणि त्यातून स्वयंपाकघर. म्हणून मी दोन्ही खोल्यांना वेगळे दिवे देतो आणि आतला दिवा किंचित जास्त पिवळा ठेवतो. माउंटबोर्डाच्या त्या डब्यात एकदम खोली येते, ती यामुळेच.

सामान मात्र दारातून नजर जाते तेवढ्याच पट्ट्यात मांडायचं. खाटेचं एक टोक, एकावर एक ट्रंका, भिंतीवर देवाची तसबीर. मांडणीवरची भांडी म्हणजे सुईच्या टोकाने दिलेले चांदी रंगाचे ठिपके. वरून उजेड पडला की त्यांतले डबे कुठले आणि पातेली कुठली हेही कळल्यासारखं वाटतं. कोपऱ्यात काही ठेवलं तरी ते कुणाला दिसणार नाही. भिंतीवर कालनिर्णय टांगायचं तर आपली चाळ १९७३च्या आधीची नाही ना, एवढं बघायचं.

पुठ्ठ्यातून उजेड झिरपतो. आत दिवा लावला की सगळी भिंतच आकाशकंदिलासारखी उजळते आणि इमारतीचं वजन नाहीसं होतं. म्हणून भिंती जोडण्याआधी आतून काळ्या रंगाचे दोन हात द्यायचे, वाळल्यावर त्यावर खोलीचा रंग, फिका निळा किंवा हिरवा. प्रत्येक खोलीच्या मधल्या भिंतीत अॅल्युमिनियम फॉइल घालायची, म्हणजे शेजारची अंधारी खोली अंधारीच राहते. कोपऱ्यांतल्या फटी काळा रंग मिसळलेल्या फेविकॉलने बुजवायच्या. मग खोलीतले दिवे मालवून मोबाइलचा टॉर्च इमारतीच्या पोटात धरायचा. केसाएवढी फटही तेव्हा दिसते. छपराचा सांधा हटकून सापडतो.

उजेडाचा रंग काळ सांगतो. आजची चाळ करायची तर ६५०० केल्विनचा निळसर पांढरा एलईडी बरोबर आहे. १९७०च्या दशकात मात्र पिवळा बल्ब आणि ट्यूबलाइट शेजारी शेजारी नांदत होत्या. बल्बसाठी २७०० केल्विनचा एलईडी घेऊन त्यावर पारदर्शक नारिंगी रंगाचा थेंब द्यावा. चार फुटी ट्यूब इथे १४ मिलिमीटरची होते आणि जाडी अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिथे ऑप्टिकल फायबरचा तुकडा बाजूने पॉलिशपेपरने घासून लावतो आणि एलईडी भिंतीत लपवतो. घासलेल्या अंगाने उजेड बाहेर पडतो. मंद पडतो, पण पुरतो. उजेड कमी ठेवण्यातच शहाणपण आहे. बारा व्होल्टच्या पुरवठ्यावर एक किलोओहमचा रेझिस्टर लावण्याचा प्रघात आहे, त्यातून एलईडीला नऊ मिलिअँपिअर मिळतात. मी दहा किलोओहम लावतो. एक मिलिअँपिअरही जात नाही आणि खोली खोलीसारखी दिसते.

दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत टीव्ही आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, त्यानंतरच्या चाळीत एवढी एक खोली हवीच. मेणबत्तीसारखा लुकलुकणारा तयार एलईडी इथे चालत नाही. टीव्हीचा उजेड दृश्य बदललं की झटकन बदलतो आणि मग थोडा वेळ स्थिर राहतो. एका छोट्या मायक्रोकंट्रोलरवर तीन-चार पातळ्या अनियमित अंतराने फिरवल्या की ते जमतं. दाराशी माणसांची दाटी करायची, पाठमोरी. त्यांच्या कडा त्या निळसर उजेडात उमटतात आणि चेहरे रंगवायचं कामच पडत नाही. त्या खोलीच्या आजूबाजूच्या दोन खोल्या मी अंधारात ठेवल्या आहेत, शेजारी टीव्ही बघायला गेले आहेत म्हणून.

बाहेरची भिंत दिवसा बघायची असते. चुन्याचा रंग, पाइपाखाली पावसाने धरलेला हिरवा ओघळ, गॅलरीत दांडीवर वाळत घातलेले कपडे.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथे खेळ चालू असताना रात्र होते आणि शहर उजळतं. हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलांडमध्ये दर पाव तासाने रात्र पडते. दोन्हीकडे अंधार झाला की लोक गाड्या सोडून इमारतींकडे बघू लागतात, आणि मला ते अगदी रास्त वाटतं. खिडकीतला उजेड दिसला की आत कोण असेल हा विचार मनात येतोच.

माझ्या चाळीचं छप्पर मी चिकटवणार नाही, नुसतं बसवणार आहे. प्रत्येक मजल्याच्या तारा जिन्याच्या पोकळीतून खाली उतरतात आणि टेबलाखाली प्लगने जोडल्या जातात. मजल्यागणिक निराळ्या रंगाची वाइंडिंगची तार घेतली आहे, म्हणजे एखादी खोली विझली तर कुठला टाका सुटला ते शोधता येतं. तळमजल्यावरच्या दुकानांची पाटी लिहायची अजून बाकी आहे.