मोजणारे आणि मोजलेले

या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्राचा वर्ग भरला नाही. मुलंच येत नाहीत, असं सांगितलं गेलं. रत्नागिरीत मी 31 वर्षं हा विषय शिकवला. ग्रंथालयातलं त्याचं कपाट रिकामं करणार असल्याचं कळलं, तेव्हा जाऊन दोन दिवस ती पुस्तकं खाली काढून पुसत बसले. सगळ्यांत वरच्या फळीवर गो. स. घुर्ये होते.

या विषयाचा सुरुवातीचा काळ भराभर सांगते. इंग्रजांनी 1880 साली रत्नागिरीचं गॅझेटियर काढलं आणि एकेका जातीला एकेक स्वभाव वाटून दिला. 1883 साली कुलाब्याचं निघालं. त्यात बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, शनिवार तेली, आले. त्यांची कथा अशी की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. चिपळूणजवळ परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत केली, ही चित्पावनांची कथा. समुद्राने आणलेली दोन्ही माणसं. त्यांतली एक पुढे मोजपट्टी हातात घेणाऱ्यांत गेली, दुसरी मोजून घेणाऱ्यांत राहिली.

मुंबई विद्यापीठात 1919 साली पॅट्रिक गेडिसनी विभाग सुरू केला आणि पुढे तो मालवणच्या घुर्यांनी वाढवला. त्यांच्याच हाताखाली इरावती कर्व्यांनी 1928 साली चित्पावनांवर प्रबंध लिहिला. नंतर त्या बर्लिनला ऑयगेन फिशरकडे गेल्या. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण निराळी म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, हे फिशरला सिद्ध करून हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा असा काही संबंध दिसत नाही, हे त्यालाच लिहून दिलं. 1930 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. 1933 साली नाझी राजवटीत फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पुढे जन्मभर इरावतीबाईंनी इथल्या जातीजमातींची मोजमापं घेतली, ते मला कधी पटलं नाही. पण तेव्हा त्या एकट्या, परक्या देशात, गुरूसमोर उभ्या राहिल्या होत्या.

मी नोकरीला लागले 1980 साली. त्या पहिल्या दहा वर्षांबद्दल मला खरं बोलायचं आहे. समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम 15 एप्रिल 1858 ला जन्मला आणि आपले धोंडो केशव कर्वे 18 एप्रिल 1858 ला, हे मी मुलांना कौतुकाने सांगायचे. पण दुरखीम ज्यू धर्मगुरूचा मुलगा होता आणि ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफसवरच्या अन्यायाविरुद्ध त्याने लेखणी उचलली होती, हे सांगितलं नाही. गेओर्ग झिमेलला ज्यू घराण्यातला म्हणून 1908 साली हायडेलबर्गची जागा नाकारली, आणि त्याच वर्षी त्याचं 'परका माणूस' हे प्रकरण छापून आलं, हेही नाही. माक्स वेबरने ज्यूंना 'पारिया' म्हटलं. तमिळ परैयरांचं नाव उचलून त्याने एका अख्ख्या समाजावर ठेवलं. तो शब्द मी फळ्यावर लिहिला आणि पुढे गेले. एकदा यावर बोलू लागले, तर विभागप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, सिद्धान्त शिकवा. कोण कुठल्या धर्माचा, हे परीक्षेत विचारत नाहीत."

1981 साली जिल्हा तुटला, मालवण सिंधुदुर्गात गेलं. 1983 च्या डिसेंबरात घुर्ये गेले. शोकसभेत जो तो 'आपला मालवणचा माणूस' म्हणत होता. त्यांनी 1943 साली आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवलं आणि आदिवासींचे अभ्यासक व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यावर भांडण केलं. जो बहुसंख्यांत विरघळत नाही तो तणावाचं कारण, हा त्यांच्या पुढच्या लिखाणाचाही सूर. मी उभी राहून एवढंच म्हणाले, तर ही वेळ नाही म्हणून मला खाली बसवलं. वेळ नंतरही आली नाही. आणि 'आपला माणूस' म्हणायचंच तर, ज्यांचं मूळ गाव याच जिल्ह्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कमध्ये जातीवर निबंध वाचला आणि जातीचं मूळ वंशात नव्हे, जातीतल्या जातीत लग्न लावण्यात दाखवलं. तो आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

राजिवड्याची एक मुलगी तेव्हा माझ्या वर्गात होती. घरची मासेमारी. घुर्ये वाचून तिने विचारलं, "बाई, यात आम्ही तणावाचं कारण म्हणूनच आहोत का?" मग ती स्वतः घरोघर फिरली. कोणाच्या होडीवर कोण जातं, जाळ्याला उधार कोण देतं, ईदला आणि शिमग्याला कोणाच्या घरून काय येतं, सगळं तिने 42 पानांत लिहिलं. बाहेरच्या परीक्षकाने 'अभ्यासक्रमाला धरून नाही' असा शेरा मारला. असं लिहिणारी मुलं त्या दहा वर्षांत मला सातआठ मिळाली. पुढे गाइड आली आणि मुलं उत्तरं पाठ करून येऊ लागली. आता वर्गच नाही. मोबाइलवर मात्र कुठला समाज मुळात कसा, हे रोज ठरवलं जातं. 1880 चं गॅझेटियर याहून सौम्य होतं.

राजिवड्याच्या त्या मुलीची वही मला ग्रंथालयाच्या त्या कपाटात घुर्यांच्या मागे सापडली. मी ती घरी आणली आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या वाडीबद्दल लिहिलेल्या वह्या कोणाकडे असतील तर रद्दीत घालू नका. मला आणून द्या.