मुका बिघाड

मोठ्या कार्यालयात तुम्ही टाकलेला पासवर्ड बरोबर की चूक, हे डोमेन कंट्रोलर ठरवतो. सगळ्यांची खाती आणि अधिकार या सर्व्हरच्या नोंदवहीत असतात. एक बंद पडला तरी काम अडू नये म्हणून असे अनेक सर्व्हर ठेवतात. विंडोज एनटीच्या काळात त्यांतला एकच नोंदी बदलू शकत असे. 2000 साली आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीने तो अधिकार सर्वांना दिला, आणि वह्या जुळत्या ठेवण्याची जबाबदारीही.

जुळणी चालते क्रमांकांवर. प्रत्येक सर्व्हर आपल्याकडच्या बदलांना चढते क्रमांक देतो. शेजारचा सर्व्हर कुठवर घेतलं ते लक्षात ठेवतो आणि त्यापुढचंच मागतो.

ही जुळणी अडलीच, तर कारण बहुधा साधं असतं. डीएनएसमधला पत्ता चुकलेला असतो, फायरवॉलने 135 क्रमांकाचं पोर्ट अडवलेलं असतं, नाहीतर घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडून कर्बेरॉस ही ओळख पटवणारी यंत्रणा ओळखच नाकारते. ‘रेपॲडमिन’ ही आज्ञा चालवली की कुणाचं कुणाशी कधीपासून अडलंय ते दिसतं. त्रुटी क्रमांक 1722 दिसला तर जाळं आणि फायरवॉल बघा, 8524 दिसला तर डीएनएस.

मला धास्ती वाटते ती मुक्या बिघाडाची. समजा, आभासी यंत्रावरच्या सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, 5,000 क्रमांकावर घेतला. काम 8,000 पर्यंत गेलं आणि काही बिनसलं म्हणून कुणी तो स्नॅपशॉट परत चढवला. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं आता इथे बंद केलं, तर त्या बदलाला 5,001 क्रमांक मिळतो. शेजारी मात्र 8,001 पासूनचं मागतो. बाकी सर्व्हरवर ते खातं चालूच राहतं आणि अहवालात एकही त्रुटी नसते. शेजाऱ्याची मागणी आपल्या क्रमांकाच्या पुढची आहे हे वेळीच ध्यानात आलं, तर विंडोज 2095 क्रमांकाची घटना नोंदवून देवाणघेवाण थांबवतं. त्याआधीच क्रमांक 8,000 ओलांडून गेले, तर तेही होत नाही.

विंडोज सर्व्हर 2012 पासून, आभासी यंत्रं चालवणाऱ्या हायपरव्हायजरची साथ असेल तर, यंत्र मागे नेल्याचं सर्व्हरला कळतं. तो आपली ओळख बदलतो आणि शेजारी त्याच्या नोंदी नव्याने घेतात. जुन्या व्यवस्थेत असा सर्व्हर सक्तीने पदावरून उतरवून, इतरांकडची त्याची नोंद पुसून, पुन्हा उभा करावा लागतो. त्याच्यापुरतेच राहिलेले बदल त्यात जातात. त्या माणसाचं खातं दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा हाताने बंद करावं लागतं.