मुशी की पाकट?

गागोदे बुद्रुक हे रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याचे गाव. ते समुद्रापासून दूर आहे. पण पेणच्या बाजारात समुद्राची मासळी येते. बाजारात तुम्ही लांबट मुशी आणि पसरट पाकट मासा पाहिला असेल. मुशी म्हणजे शार्क. मग प्रत्येक चपटा मासा पाकटच असतो का?

नाही. युरोपच्या किनाऱ्याजवळ अटलांटिक महासागरात एंजेल शार्क राहतो. एंजेल म्हणजे फरिश्ता. पंखांसारख्या रुंद परांमुळे त्याला हे नाव मिळाले. तो समुद्राच्या तळाशी अंगावर वाळू घेऊन पडून राहतो आणि मासा जवळ येताच झडप घालतो.

त्याला ओळखावे कसे? कल्ल्यांच्या फटी पाहा. पाकट माशाच्या फटी पोटाकडे असतात. एंजेल शार्कच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. पाकट माशाचे पर डोक्याला जोडलेले असतात. एंजेल शार्कचे पर डोक्यापासून सुटे असतात.

एंजेल शार्कची मादी एका वेळी ७ ते २५ पिल्लांना जन्म देते. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांत हे मासे इतके सापडले, की उत्तर समुद्रातून ते नाहीसे झाले. कॅनरी बेटांजवळ मात्र ते अजून आढळतात.

आपल्या देशातील करवत मासा याच्या उलट आहे. तो दिसतो शार्कसारखा, पण त्याच्या फटी पोटाकडे असतात. म्हणून तो पाकट माशाचा नातलग! २००१ पासून कायद्याने त्याला संरक्षण आहे. जाळ्यात सापडलेला असा मासा ओळखता आला, तरच त्याला जिवंत सोडता येईल. म्हणून नुसते रूप पाहू नका, खूण पाहा.