आधी निदान, मग दुरुस्ती

गोव्यात मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार असल्याचे आढळले आणि हे प्रमाण देशातील सर्व राज्यांत अधिक ठरले. या आकड्यात नव्या कोऱ्या गाड्या आहेत, तशाच वडिलांनी हौसेने घेतलेल्या, मुलांनी वापरलेल्या आणि आज नातवंडांना शाळेत पोचविणाऱ्या जुन्या गाड्याही आहेत. चवथीच्या आधी माटोळीचे सामान तिच्यातूनच येते, कुलदेवतेच्या जत्रेला कुटुंब तिच्यातूनच जाते, आणि अपरात्री कोणाला इस्पितळात न्यायचे झाले तरी भरवसा तिच्यावरच असतो. अशा गाडीचे दुखणे हे म्हणूनच केवळ लोखंडाचे दुखणे नव्हे. ते घराच्या खर्चाचे आणि घरातील माणसांच्या जिवाचे दुखणे आहे.

असे असूनही या दुखण्याकडे पाहण्याची आपली रीत मात्र अजब आहे. गाडी सकाळी सुरू झाली नाही की बॅटरी बदलायची, तापली की पाणी ओतायचे, आवाज येऊ लागला की रेडिओ मोठा करायचा, आणि एवढ्याने भागले नाही की ‘गाडी जुनी झाली’ असे म्हणून मोकळे व्हायचे! आमच्या मते जुन्या मोटारीचा खरा शत्रू तिचे वय नसून अंदाजाने केलेली दुरुस्ती हा आहे. चांगला वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण औषधामागून औषध देत राहतो आणि रोग कोणता हे शेवटपर्यंत विचारीत नाही.

वास्तविक जुनी गाडी आपले दुखणे पुरेशा स्पष्टपणे सांगत असते. सकाळी सुरू न होणारी गाडी घ्या. दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे. दिवे तेजस्वी राहून नुसता ‘टक्’ असा आवाज आला तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या जोडणीवर घ्यावा. इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही; पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही, असे समजावे. साध्या मीटरने एवढेच तपासावे, की स्वस्थ बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दाखविते. चालू इंजिनावर आकडा १३ च्या वर चढतच नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा काम करीत नाही, आणि अशा गाडीत नवी बॅटरी घातली तरी तीही थोड्याच दिवसांत उतरेल. पाच मिनिटांच्या या तपासणीने कित्येक हजार रुपये वाचू शकतात.

इंजिन तापण्याचेही तसेच आहे. गाडी कोठे तापते, हा पहिला प्रश्न. पुलावरच्या कोंडीत किंवा बाजारात रेंगाळताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर रेडिएटरचा पंखा अथवा त्याला चालविणारा स्विच बिघडलेला असण्याचा संभव अधिक. वेगात किंवा घाट चढताना तापते, तर रेडिएटर तुंबला आहे, थर्मोस्टॅट अडकला आहे किंवा पाणी कमी आहे. पाणी कोठेही गळताना दिसत नाही आणि तरी रोज कमी होते, धुराड्यातून पांढरा धूर थांबत नाही, तेलाच्या झाकणाखाली ताकाच्या लोण्यासारखा थर दिसतो, तर हेड गॅस्केट गेलेले आहे असे समजून गाडी तेथेच थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडणे हा तर निव्वळ अविचार होय. आतले पाणी दाबाखाली असते आणि ते थेट तोंडावर उसळते. शिवाय आपल्याकडे विहिरीचे पाणी ओतण्याची जी सवय आहे ती सोडलीच पाहिजे. त्या पाण्यातील क्षार आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींतील मचूळपणा रेडिएटरला आतून खातो.

धुराचा रंगही बोलतो. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. तो सकाळी सुरू करताच येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हची सीले झिजली असावीत, आणि वेग वाढविताना येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. काळा धूर म्हणजे पेट्रोल अधिक आणि हवा कमी. पावसाळ्यातल्या थंड सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी असते. गळती ओळखण्यास रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी त्यावर काळपट तेलकट डाग दिसला तर ते इंजिनाचे तेल, हिरवट किंवा तांबूस पाणी दिसले तर ते कूलंट, आणि चाकाजवळ फिकट चिकट ओल दिसली तर ते ब्रेकचे तेल असू शकते. या शेवटच्या डागानंतर गाडी हलवूच नये. वाचून झालेल्या अंकाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाही.

किनारपट्टीच्या गाडीला एक दुखणे अधिकचे आहे, ते गंजाचे. खारी हवा, वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, आणि फेरीबोटीच्या धक्क्यावर चाकांखाली येणारे खाजणाचे पाणी, या तिघांनी मिळून पत्र्याला आतून पोखरलेले असते. वरचा रंग झळझळीत असतो आणि पायाखालची चटई उचलली तर रस्ता दिसतो! म्हणून रंगावर विश्वास न ठेवता गाडीचा तळ, जॅक लावण्याच्या जागा आणि चाकांवरील कमानी पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बदबद आवाज आला तर तो खचला आहे. दरवाजांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. पालापाचोळ्याने ती बुजली की दरवाजा आतून कुजतो. गंजाचा आणखी एक खेळ विजेच्या तारांत चालतो. उजवीकडे वळण्याचा दिवा लावला की पुढचा दिवाही लुकलुकतो, असे झाले तर बल्ब बदलत बसू नये. तारेचा पत्र्याशी असलेला सांधा गंजला आहे, तो घासून साफ करावा.

इंधनाच्या बाबतीतही आता जुन्या गाडीच्या मालकाने सावध राहणे अगत्याचे आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने गाठले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नव्हत्या, आणि इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला तर तो सवयीचा होऊ देऊ नये. त्या नळ्या पाहून घ्याव्यात, कारण हा वास आगीची पूर्वसूचना असू शकतो.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न ब्रेकचा आहे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. सामान्य प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळते. तेच ओलावा शोषून घेतल्यावर १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहतो, तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पायडल रिकामे होऊन खाली जाते. म्हणून हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा. पायडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसू लागले तर मास्टर सिलिंडर गेला आहे. ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढली जात असेल तर एका चाकाचा ब्रेक अडकलेला आहे किंवा धरत नाही. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणण्यास वाव उरलेला नाही.

आता या सगळ्याचा दोष केवळ गॅरेजवाल्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. मिस्त्रीने अर्धा तास गाडीखाली झोपून नेमका बिघाड शोधला आणि दहा रुपयांचा सांधा घासून दिला, तर त्याच्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला आपले हात आखडतात. तोच मिस्त्री चार नवे भाग घालून बिल देतो तेव्हा आपण ते मुकाट्याने चुकते करतो. ज्याचे मोल मिळते तेच बाजारात टिकते. निदानाचे मोल आपण देत नाही, म्हणून निदान करणारे हात कमी होत चालले आहेत. नव्या पद्धतीच्या गाड्यांना यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचता येतो हे खरे. पण तो क्रमांक तक्रार कोठून आली एवढेच सांगतो, अपराधी कोण हे सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरची तक्रार दिसली म्हणून सेन्सर बदलला आणि हवा मात्र फुटक्या नळीतून शिरत राहिली, तर यंत्र असूनही अंदाजच चालला म्हणायचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सुटे भाग बसविण्याइतकाच वेळ बिघाड शोधण्याच्या शिस्तीला दिला पाहिजे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या वाढीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले. तेव्हा गाडी ठेवावी की मोडीत काढावी हा प्रश्न प्रत्येक घरापुढे आज ना उद्या उभा राहणारच. त्याचे उत्तर मायेने देऊ नये आणि कंटाळूनही देऊ नये. इंजिन, बॅटरी, पट्टे, नळ्या यांचे दुखणे बरे होण्याजोगे असते. तळाचा पत्रा आणि सांगाडा कुजलेला असेल तर मात्र कितीही जिव्हाळ्याची असली तरी त्या गाडीत मुलाबाळांना बसविणे योग्य नव्हे.

चतुर्थीला गावी निघण्यापूर्वी कपडे, फराळ आणि पूजेचे साहित्य यांची यादी प्रत्येक घरात होते. त्या यादीत ब्रेक, टायर, पाणी आणि तेल एवढे चार शब्द वाढवावेत, आणि गॅरेजमध्ये गेल्यावर ‘काय बदलायचे?’ असे विचारण्याआधी ‘काय झाले आहे?’ असे विचारावे. घरातील वृद्ध माणसाच्या प्रकृतीची आपण जशी वरचेवर चौकशी करतो, तशीच ती दारातल्या वृद्ध गाडीचीही करावी. तिच्या प्रकृतीवर आपलीही प्रकृती अवलंबून आहे.