तेल्याचे भाऊबंद

सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंब बागायतदाराला ज्या रोगाची सर्वांत जास्त धास्ती असते, तो तेल्या जिवाणूमुळे होतो. पानावर आधी टाचणीच्या टोकाएवढा, पाण्याने भिजल्यासारखा डाग पडतो. पान उजेडाकडे धरले की तो तेलकट दिसतो. पुढे डाग मधोमध काळपट होतात आणि पान पिवळे पडून गळते. फांदीच्या पेऱ्यावर लागण झाली तर फांदी तिथेच मोडते. फळावरचे डाग फुगून तडकतात आणि आतले दाणे चांगले असले तरी फळाला बाजार राहत नाही. भारतात या रोगाची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीतून झाली. सन २००० नंतरच्या दशकात सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यासह महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रातल्या बागांना त्याने मोठा तडाखा दिला. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापुरात सुरू झाले, तेव्हापासून तेल्या हा तिथल्या कामाचा एक मुख्य विषय राहिला आहे.

तेल्याचा जिवाणू झॅन्थोमोनास या प्रजातीतला. ही प्रजाती गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या अवाढव्य वर्गात मोडते. प्लेग, पटकी आणि विषमज्वर यांचे जिवाणू याच वर्गातले. ज्वारीच्या बियाण्याला चोळायचे ॲझोटोबॅक्टर आणि माणसाच्या आतड्यात निमूटपणे राहणारा एश्चेरिशिया कोलाय हेही त्याच वर्गात येतात. इतके परस्परविरोधी स्वभावाचे जीव एका वर्गात कसे, हे समजले की जिवाणूंच्या वर्गीकरणाची सारी रीत उलगडते.

पूर्वी जिवाणूंची विभागणी आकारावरून, रंगद्रव्य कोणते धरतात यावरून आणि कशावर वाढतात यावरून होत असे. जिवाणूंच्या बाबतीत या खुणा फसव्या ठरतात. दूरचे जीवही सारख्या परिस्थितीत सारखे दिसू लागतात, आणि सख्खे नातलग वेगवेगळ्या धंद्याला लागतात. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएमधील अक्षरांची क्रमवार तुलना करून वंशावळ मांडण्याची पद्धत रूढ केली. हा रेणू सर्व सजीवांत असतो आणि फार सावकाश बदलतो, त्यामुळे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे नातेही त्यात वाचता येते. त्या वंशावळीतल्या एका मोठ्या शाखेला १९८८ मध्ये प्रोटिओबॅक्टेरिया हे नाव मिळाले आणि तिच्या उपशाखांना अल्फा, बीटा, गॅमा अशी ग्रीक अक्षरे लागली. गॅमा शाखेला वर्ग म्हणून रीतसर मान्यता २००५ साली मिळाली. नव्या नामकरणात, २०२१ पासून, संपूर्ण संघाचे नाव स्यूडोमोनाडोटा असे आहे. जनुकसंचांच्या ताज्या तुलनेत तर बीटा हा स्वतंत्र वर्ग न राहता गॅमाच्याच पोटात जातो. अनेक संशोधक आता तसेच मानतात.

वर्गातल्या बहुतेक सर्वांना समान असलेली खूण म्हणजे पेशीचे आवरण. डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियान ग्रॅम यांनी १८८४ मध्ये शोधलेल्या रंगपरीक्षेत हे जिवाणू ‘ग्रॅम-ऋण’ ठरतात. त्यांची भित्तिका पातळ असते आणि तिच्या बाहेर आणखी एक पटल असते. हे बाहेरचे पटल मूळच्या पेनिसिलिनसारखी कित्येक औषधे आत येऊ देत नाही. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की धनुर्वाताच्या किंवा काळपुळीच्या जिवाणूप्रमाणे वर्षानुवर्षे टिकणारे कठीण बीजाणू हे जिवाणू तयार करीत नाहीत. तेल्याशी झुंजणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही फार मोलाची बाब आहे.

एवढे साम्य सोडले तर वैविध्याला सीमा नाही. क्रोमॅशियमसारखे जांभळे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वापरून प्रकाशसंश्लेषण करतात, पण प्राणवायू सोडत नाहीत. मिथायलोकॉकस आणि त्याचे आप्त मिथेनवर जगतात. पाणी साचलेल्या भातखाचरात तयार होणाऱ्या मिथेनचा काही भाग असेच जीव हवेत जाण्याआधी संपवतात. थायोमार्गारिटा मॅग्निफिका हा कॅरिबियन बेटांवरच्या खारफुटीत सापडलेला, २०२२ मध्ये जाहीर झालेला जिवाणू सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतो.

माणसाच्या इतिहासात या वर्गातील दोन गणांचे नाव रक्ताने लिहिले गेले आहे. एंटेरोबॅक्टरेलीस गणात विषमज्वराचा साल्मोनेला आणि प्लेगचा येर्सिनिया पेस्टिस आहे. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुण्यासह साऱ्या मुलखात पसरला. वाल्डेमार हाफकीन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. पटकीचा विब्रिओ कॉलेरी दुसऱ्या गणातला, विब्रिओनेलीसमधला. तो पाण्यातून पसरतो. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या वारीत पटकीच्या साथी वारंवार उद्भवत, कारण हजारो वारकऱ्यांचे पिणे आणि धुणे एकाच प्रवाहावर चाले.

याच वर्गातले दोन जिवाणू सोलापूरच्या ज्वारीच्या रानातही भेटतात, आणि त्यांचे काम अगदी निराळे आहे. ॲझोटोबॅक्टर हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतो. नत्र बांधणारे विकर प्राणवायूच्या संपर्कात बिघडते. म्हणून हा जिवाणू इतक्या वेगाने श्वसन करतो की पेशीत प्राणवायू साचतच नाही. कोरड्या काळात तो जाड आवरणाची कोष्ठिका करून तग धरतो. दुसरा जिवाणू रब्बी ज्वारीवर पडणाऱ्या मावा किडीच्या पोटात असतो. वनस्पतीच्या रसात आवश्यक अमिनो आम्ले कमी असतात. ती माव्याला बुकनेरा हा जिवाणू पुरवतो. कोट्यवधी वर्षे आईकडून पिल्लाकडे जात राहिल्याने त्याला बाहेर जगण्याची गरजच उरली नाही. त्याचा जनुकसंच सुमारे साडेसहा लाख अक्षरांवर आला आहे. कोलायचा सेहेचाळीस लाखांचा आहे. बुकनेराविना मावा वाढत नाही आणि माव्याविना बुकनेरा जगत नाही.

झॅन्थोमोनास ज्या गणात येतो, त्याची फांदी या वर्गाच्या वंशावळीत फार लवकर वेगळी झाली. हे जिवाणू दांड्यासारखे असतात, एका टोकाच्या एकाच कशाभिकेने पोहतात, त्यांना प्राणवायू लागतो आणि माध्यमावर त्यांच्या पिवळ्या, चिकट वसाहती वाढतात. हा चिकटपणा ज्या बहुशर्करेचा, तीच झॅन्थन गम या नावाने सॉस आणि आइस्क्रीममध्ये वापरली जाते. पानात मात्र ती जिवाणूला कोरडेपणापासून वाचवते. पर्णरंध्रातून किंवा जखमेतून आत शिरलेला जिवाणू सुईसारख्या रचनेतून आपली प्रथिने वनस्पतीच्या पेशीत सोडतो आणि तिची प्रतिकारशक्ती दाबतो. पेशींमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि डाग तेलकट दिसतो. कागदी लिंबावर खैऱ्या आणणारा जिवाणू याचा अगदी जवळचा. आजच्या वर्गीकरणात दोघे एकाच जातीतले मानले जातात. कोणते झाड धरतो, एवढ्यावरून त्यांचे प्रकार वेगळे ओळखले जातात.

बागेतल्या उपायांचे कारण या स्वभावात सापडते. पावसाचे उडते थेंब, रोगट गुटी कलमे आणि छाटणीची कात्री यांतून जिवाणू पसरतो. ऐन पावसात फुटणारा मृग बहार त्यामुळे सर्वाधिक धोक्याचा. पाऊस ओसरल्यावर येणारा हस्त बहार धरला की फळे मुख्यतः कोरड्या हवेत पोसतात. बीजाणू नसल्यामुळे रोगाचा साठा झाडावरच्या जखमांत आणि गळलेल्या पाल्यात राहतो. तो छाटून, वेचून जाळला आणि बागेला विश्रांती दिली की साठा बराच घटतो. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण पानाच्या पृष्ठभागावरच्या जिवाणूला मारते, आत शिरलेल्याला नाही. म्हणून ते लागण होण्याआधीच फवारावे लागते.

स्ट्रेप्टोमायसिनयुक्त औषधही डाळिंबावर वर्षानुवर्षे फवारले गेले, आणि इथे काळजीचे कारण आहे. गॅमाप्रोटिओबॅक्टेरिया प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुके एकमेकांना सहज देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची यादी केली, तेव्हा तिच्या सर्वांत तातडीच्या श्रेणीतले तिन्ही गट याच वर्गातले होते. झाडावर नेमाने प्रतिजैविक मारणे ही माणसाच्या औषधाची धार बोथट करण्याची वाट आहे.

गणेश, आरक्ता, भगवा ही लोकप्रिय वाणे तेल्याला सहज बळी पडतात. हिमालयाच्या उतारांवर आपोआप उगवणारे ‘दारू’ हे जंगली डाळिंब त्याला जास्त सोसते, म्हणून संकरासाठी त्याचा उपयोग केला जातो. संशोधन केंद्राने काढलेल्या लोह आणि जस्त अधिक असलेल्या ‘सोलापूर लाल’ वाणाच्या वंशातही दारू आहे. भगव्यासारखे गोड, मऊ बियांचे आणि तेल्याला पूर्ण तोंड देणारे वाण मात्र अजून तयार व्हायचे आहे.