अम्मीच्या चालीनं लॅपलँड

तीन वर्षांपूर्वी आम्ही अम्मीला घेऊन एका मोठ्या टूरबरोबर परदेशी गेलो होतो. सात दिवसांत चार देश आणि बसमध्ये 45 माणसं. प्रत्येक ठिकाणी घोषणा व्हायची, "इथे 20 मिनिटं." अम्मीचं वय तेव्हा 69, दोन्ही गुडघे दुखरे. ती बसच्या पायऱ्या उतरेपर्यंत निम्मा वेळ संपलेला असायचा. चौथ्या दिवसापासून ती उतरेनाशीच झाली. "तुम्ही बघून या, मी इथेच बसते," म्हणायची. घरी आल्यावर शेजारच्या खालाने विचारलं, "काय काय पाहिलंस?" अम्मी हसून म्हणाली, "बसची खिडकी."

तिने हे गंमतीत म्हटलं, पण आम्हा दोघा नवरा-बायकोच्या मनाला ते लागलं. आम्ही अम्मीला सफरीला नेलंच नव्हतं, सामानासारखं वाहून नेलं होतं.

म्हणून गेल्या सप्टेंबरात फिनलंडच्या उत्तरेला, लॅपलँडमध्ये जायचं ठरलं, तेव्हा आमची पहिली अट ठिकाणाची नव्हती, वेगाची होती. हेलसिंकीत नोकरी करणाऱ्या भाच्याने एक छोटा गट शोधून दिला. एकूण आठ माणसं, सात रात्री एकाच गावात मुक्काम आणि दिवसाला दोन-अडीच किलोमीटरहून जास्त चालणं नाही. नातेवाइकांनी नाकं मुरडली. या वयात उमरा करायचा सोडून थंडीत कशाला मरायला जाता? अब्बा हयात असताना अम्मीचं हज झालं आहे. ती शांतपणे म्हणाली, "उमरालाही जाऊ, इन्शाअल्लाह. पण अल्लाहने ही दुनिया काय फक्त तरण्या पोरांसाठी बनवली?"

उत्तरेची वाट

मुंबईहून विमानाने हेलसिंकी गाठलं. उत्तरेच्या या मुलखात आपलं कोणी नसेल असं वाटत होतं, पण भाच्याने सांगितलं की रशियातल्या व्होल्गा नदीच्या मुलखातले तातार मुस्लिम व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे आले आणि इथलेच झाले. त्यांची जमात 1925 पासून सरकारदरबारी नोंदलेली आहे. येर्वेनपॅ या गावात 1942 मध्ये बांधलेली त्यांची लाकडी मशीद आहे. ते ऐकून अम्मीचा निम्मा घोर मिटला.

हेलसिंकीहून रात्रीची रेल्वे सुमारे 12 तासांत रोवानिएमीला पोचवते. 1944 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे शहर जाळून टाकलं होतं. युद्धानंतर आल्वार आल्टो या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार ते पुन्हा उभं राहिलं. शहराच्या थोडं उत्तरेला आर्क्टिक वृत्त ओलांडलं जातं. तिथून इनारी गाव सव्वातीनशे किलोमीटर. आमच्या छोट्या गाडीला या अंतरासाठी पूर्ण दिवस लागला. रस्त्यावर रेनडिअरचे कळप निवांत चालत होते आणि गाडी त्यांच्या मागे उभी राहायची. आमची गाईड म्हणाली, "यांना हॉर्न वाजवून उपयोग नाही. वेळ त्यांचा आहे." अम्मी लगेच म्हणाली, "मग हे माझे नातेवाईक!"

आम्ही पोचलो तेव्हा 'रुस्का' ऐन भरात होती. पानगळीपूर्वी जंगल रंग बदलतं, त्या दिवसांना फिनिश लोक रुस्का म्हणतात. बर्चची झाडं हळदीसारखी पिवळी होतात. जमिनीलगतची खुजी झुडपं लालभडक होतात, जणू कोणी गालिचा अंथरला आहे. हा रंग दोन-तीन आठवडेच टिकतो. उन्हाळ्यात हैराण करणारे डासही तोवर संपलेले असतात. दिवसा 8-10 अंश तापमान आणि रात्री शून्याच्या आसपास. लोकरीचे कपडे आणि टोपी असली की अम्मीलाही हे सोसत होतं.

सावली आणि नमाज

सगळ्यात मोठी काळजी नमाजच्या वेळांची होती. इनारीत उन्हाळ्यात दोन महिने सूर्य मावळत नाही आणि डिसेंबर-जानेवारीत महिनाभराहून अधिक काळ उगवत नाही. सप्टेंबर मात्र दयाळू आहे. 22-23 सप्टेंबरच्या सुमारास जगभर दिवस-रात्र जवळजवळ समान होतात. त्यामुळे या दिवसांत तिथेही सूर्य सकाळी उगवतो आणि संध्याकाळी मावळतो. शरद ऋतू निवडण्यामागे हेही एक कारण होतं.

तरी फरक जाणवतोच. आपल्याकडे सप्टेंबरात मगरिब दिवसाला मिनिटभरानेच अलीकडे येते. तिथे ती रोज चार मिनिटांनी सरकत होती. पहिल्या दिवशी सूर्य आठला मावळला, सातव्या दिवशी साडेसातला. भर दुपारीही सूर्य इतका खाली की माणसाची सावली त्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब. अम्मी आपली सावली बघून म्हणायची, "या वयात वाढले मी!" मगरिबनंतरचा उजेड तर तासन् तास रेंगाळायचा. पहिल्या रात्री इशासाठी अकरा वाजून गेले. अशा ठिकाणी काय करायचं हे आम्ही निघण्यापूर्वी आमच्या मौलानांना विचारून लिहून घेतलं होतं. तुम्हीही आपल्या आलिमांना आधीच विचारून घ्या. तिथे गेल्यावर मोबाइलवरच्या तीन ॲपमध्ये तीन वेळा दिसतात आणि जीव गोंधळतो.

आम्ही कोकणी, शाफई. एकाच जागी चार दिवसांहून अधिक राहायचं ठरवल्यामुळे कस्रची सवलत नव्हती, नमाज पूर्ण पढायची. धावत्या टूरमध्ये कुठल्याशा पेट्रोल पंपामागे घाईने सजदा केल्याचं आम्हाला आठवत होतं. इथे लाकडी घराच्या पडवीत जानमाज अंथरून ठेवला होता. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या आम्हाला इथे जवळजवळ दक्षिणेकडे उभं राहावं लागायचं. पहिले दोन दिवस अम्मी सवयीने तिरपी व्हायची.

ताटात काय

मांसाचा प्रश्न आम्ही सोपा करून टाकला. जिब्हची खात्री नाही, तर खायचं नाही. रेनडिअरच्या मटणाचं तिथे मोठं कौतुक, पण ते टाळलं. मासळी मात्र मुबलक. इनारी तलाव हजार चौरस किलोमीटरहून मोठा, त्यात तीन हजारांहून अधिक बेटं. या थंड पाण्यातली मासळी म्हणजे आम्हा कोकणातल्या माणसांची चैनच. सामन, बटाटा, दूध आणि शेपूसारखी एक भाजी घालून केलेलं तिथलं सूप अम्मीला पहिल्या दिवशी 'आजाऱ्याचं' वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. पिशवीतून घरचा मसाला आणि आमसुलं निघाली. तलावातल्या मासळीचं सार झालं. गटातल्या निवृत्त शिक्षक जोडप्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

जंगलातली फळं वेचायला तिथे कोणालाही मुभा आहे. जमीन कोणाचीही असो, कोणाचं नुकसान न करता बेरी आणि अळंबी घेता येतात. हा त्यांचा जुना रिवाज, आणि कायदाही त्याला मानतो. अम्मीला वाकता येत नव्हतं. गाईडने तिला एका लाकडी ठोकळ्यावर बसवलं आणि हातात बेरी ओरबाडायचा फणीसारखा डबा दिला. बसल्या जागी, हात पुरतील तिथवर तिने दोन तासांत लाल लिंगनबेरीने भांडं भरलं. एक तोंडात टाकून म्हणाली, "आंबट! करवंदाची बहीण दिसते." बाकीचे सात जण इकडेतिकडे हिंडून परत आले, तर सगळ्यांत जास्त फळं तिचीच.

संध्याकाळी सौना. तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेण्याची ही लाकडी खोली तिथे जवळजवळ प्रत्येक घराला असते. बायकांची पाळी वेगळी, पुरुषांची वेगळी, त्यामुळे संकोच नव्हता. अम्मी अंगावर चादर गुंडाळून खालच्या फळीवर पाच-सात मिनिटं बसायची. गुडघ्यांना शेक मिळाला म्हणून खूश असायची. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

भाषेचं घरटं

इनारी हे फिनलंडमधल्या सामी लोकांचं मोठं केंद्र आहे. सामी हे या उत्तरेचे मूळ रहिवासी. त्यांची संसद इथेच आहे आणि 'सीदा' नावाचं सुंदर संग्रहालयही. घाईत असतो तर ते तासाभरात उरकलं असतं. आम्ही दोन दिवस, दोन-दोन तास गेलो. अम्मी बाकावर बसायची आणि गाईड तिच्याशेजारी बसून सांगायची.

या एका परिसरात तीन सामी भाषा बोलल्या जातात. त्यातली इनारी सामी बोलणारे आज सुमारे 400 लोक आहेत. एके काळी शाळेच्या वसतिगृहात सामी मुलांना फिनिशच बोलावं लागे. ती मुलं मोठी होऊन आई-बाप झाली, तेव्हा त्यांनी आपल्या मुलांना भाषा दिलीच नाही. गाईडच्या घरीही हेच घडलं होतं. आजी सामी बोलायची, आईने गप्प राहायचं शिकलं, आणि हिला काहीच आलं नाही. 1997 मध्ये इनारीत 'भाषेचं घरटं' सुरू झालं. ही लहान मुलांची बालवाडीच, पण तिथे दिवसभर फक्त सामी बोलायची. भाषा येत होती ती म्हाताऱ्या माणसांना. तेच मुलांना आणि शिकणाऱ्या तरुणांना घेऊन बसू लागले. मासे साफ करताना, जाळं विणताना, बेरी निवडताना बोलत राहिले. गाईडही मोठेपणी अशाच एका आजीकडून शिकली आणि आता तिचा मुलगा ती भाषा बोलतो.

"घाई केली असती तर जमलं नसतं," ती म्हणाली. "म्हातारी माणसं एक शब्द सांगायला त्याची अख्खी गोष्ट सांगतात."

अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "आपली पोरं माझ्याशी कोकणीत कधी बोलतात?" आम्हाला उत्तर देता आलं नाही. आमची दोन्ही मुलं दादीला समजून घेतात, पण जवाब मराठीत किंवा इंग्रजीत देतात. दादीची एखादी गोष्ट लांबली की त्यांना क्लासला उशीर होत असतो. बसमधून लवकर उतरायला न जमणारी अम्मी आणि घरात गोष्ट पूर्ण सांगायला वेळ न मिळणारी अम्मी एकच आहे, हे आम्हाला दहा हजार किलोमीटरही नसलेल्या त्या अंतरावर जाऊन कळलं, याची शरम वाटली.

पाचवी रात्र

लोक तिथे ध्रुवीय प्रकाश पाहायला येतात. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि शंभर किलोमीटर व त्याहून उंचीवर हवेतल्या वायूंवर आदळतात. तिथल्या ऑक्सिजनमुळे बहुधा हिरवा रंग दिसतो. फिनिश भाषेत त्याला 'कोल्ह्याच्या ज्वाळा' म्हणतात. जुने सामी लोक पोरांना बजावायचे, या प्रकाशाखाली शीळ घालू नका.

चार रात्री ढग होते. पाचव्या रात्री आभाळ मोकळं झालं. आम्ही तिघं पडवीत इशा पढत होतो आणि मागून आरडाओरडा ऐकू आला. प्रकाश आमच्या पाठीमागे, उत्तरेला होता. खोटं कशाला बोलावं, आमचं दोघांचं चित्त ढळलं. सलाम फेरताच आम्ही मागे वळलो. अम्मी मात्र आपल्या चालीने सुन्नत, मग वित्र, मग लांबलचक दुआ करत राहिली. तिचं आटोपेपर्यंत आभाळ काळंभोर.

आम्ही हळहळलो. जुन्या टूरमध्ये "चला, संपलं" अशी हाक आली असती. इथे कोणी हललं नाही. गाईडने शेकोटीत आणखी दोन लाकडं टाकली. शिक्षकबाईंनी अम्मीच्या पायांवर घोंगडी घातली. गरम चहाचे दोन फेरे झाले. रात्री साडेबाराच्या पुढे तलावापलीकडून एक फिकट पट्टा उठला, हिरवा झाला, डोक्यावरून पसरला आणि पडद्यासारखा हलू लागला. पाणी अजून गोठलं नव्हतं, म्हणून तोच पडदा खाली तलावातही हलत होता. अम्मी "सुबहानल्लाह" एवढंच म्हणाली. मग तिने हात वर केला. ती कोणासाठी दुआ करत होती ते आम्ही विचारलं नाही.

निघण्यापूर्वी

घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन असा प्रवास करायचा असेल तर काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सप्टेंबरचा पहिला किंवा दुसरा पंधरवडा धरा. गट दहाच्या आत असावा. रोज किती चालायचं, पायऱ्या किती, मध्ये बसायला जागा कुठे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारा. एकाच ठिकाणी स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. नेहमीची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. खर्च कमी नाही, हेही सांगून टाकतो. आम्ही त्यासाठी दोन वर्षं पैसे बाजूला टाकले, कर्ज काढलं नाही. आणि लॅपलँड जमलं नाही तर दापोली-मुरुडही चालेल. अट एकच, सगळ्यांत हळू चालणाऱ्याने पुढे चालायचं.

परतल्यावर शेजारच्या खालाने पुन्हा विचारलं, "या खेपेला काय पाहिलंस?" अम्मी सांगायला बसली ती मगरिबच्या अजानपर्यंत, सगळं कोकणीत. आमची धाकटी क्लासला जायच्या तयारीत दारात उभी होती. ती परत आत आली, दादीच्या पायाशी बसली आणि विचारू लागली, "दादी, करवंदाला आपण काय म्हणतो?" त्या दिवशी तिचा क्लास बुडाला. आम्ही काही बोललो नाही.