मेजावरील फोनोग्राफ

मेजावरील फोनोग्राफ हे मेणाच्या किंवा सेल्युलॉइडच्या दंडगोलावर कोरलेला ध्वनी पुन्हा ऐकवणारे, चावीने चालणारे छोटे यंत्र आहे. थॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. एमिल बर्लिनर यांनी १८८७ मध्ये पेटंट घेतलेला ग्रामोफोन सपाट तबकडी वाजवतो. बोलीभाषेत दोन्हींना सरसकट ग्रामोफोन म्हटले जात असले, तरी यंत्राची ओळख व मूल्य ठरवताना हा भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो.

प्रमुख प्रकार

एडिसन यांच्या कंपनीने 'होम' (१८९६), 'स्टँडर्ड' (१८९८) आणि 'जेम' (१८९९) ही घरगुती यंत्रे बाजारात आणली. ती मोठ्या संख्येने तयार झाल्यामुळे केवळ जुनी आहेत म्हणून दुर्मिळ ठरत नाहीत. पाच इंच व्यासाचे दंडगोल वाजवणारे 'कॉन्सर्ट' किंवा १९११ चे 'ऑपेरा' ही यंत्रे तुलनेने कमी आढळतात. कोलंबिया कंपनीची दंडगोल यंत्रे 'ग्राफोफोन' या नावाने विकली जात. एडिसन कंपनीने दंडगोलांचे उत्पादन १९२९ मध्ये थांबवले.

ओळख

यंत्रावरील धातूच्या पट्टीवर प्रकाराचे नाव, अनुक्रमांक व पेटंटच्या तारखा असतात. पेटंटची तारीख म्हणजे निर्मितीची तारीख नव्हे. यंत्र त्या तारखेपूर्वीचे नाही, एवढेच तीवरून कळते.

दंडगोलाचा प्रकारही उपयुक्त पुरावा असतो. सुरुवातीच्या दंडगोलांवर एका इंचात १०० आटे असून ते मिनिटाला १६० फेऱ्यांच्या गतीने सुमारे दोन मिनिटे वाजतात. १९०८ पासूनच्या 'अँबरोल' दंडगोलांवर २०० आटे असल्याने ते सुमारे चार मिनिटे चालतात. निळ्या सेल्युलॉइडचे दंडगोल १९१२ पासूनचे आहेत. एडिसन यंत्रांतील 'सी' हा ध्वनिवाचक दोन मिनिटांच्या, तर 'एच' हा चार मिनिटांच्या दंडगोलासाठी आहे. केवळ दोन मिनिटांची गती असलेल्या यंत्रावर 'एच' बसवलेला असल्यास तो नंतर बदलला असण्याची शक्यता असते.

बनावट व जोडकाम केलेली यंत्रे

भारतातील जुन्या वस्तूंच्या बाजारात चकाकता पितळी भोंगा, नक्षीदार लाकडी पेटी आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची पट्टी असलेली अनेक यंत्रे मिळतात. त्यांपैकी पुष्कळशी नव्याने बनवलेली असतात. आत एखाद्या सुटसुटीत, पेटीबंद ग्रामोफोनची यंत्रणा बसवून ती 'पुरातन' म्हणून विकली जातात. पट्टीवरील कंपनीचे नाव आणि यंत्राचा काळ जुळतो का, हे तपासावे. 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' या नावाची कंपनी १९०७ मध्ये पुन्हा 'ग्रामोफोन कंपनी' झाली. लाकडाचा रंग, स्क्रूंच्या खाचा, भोंग्याचे सांधे आणि मागील कंस यांवरील झीज एकसारखी असणे हे अस्सलपणाचे लक्षण मानले जाते.

मूल्यनिर्धारण

मूल्य प्रकाराची दुर्मिळता, मूळ भागांची पूर्णता, चालू स्थिती आणि मालकीचा इतिहास यांवर अवलंबून असते. मूळ भोंगा, झाकण व ध्वनिवाचक नसल्यास किंमत बरीच घटते. नव्याने पॉलिश केलेली पेटी आकर्षक दिसली, तरी मूळ मुलामा नष्ट झाल्याने संग्राहकांच्या दृष्टीने तिचे मूल्य कमी होते. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीपेक्षा त्याच प्रकारच्या यंत्राला लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत अधिक विश्वासार्ह असते. मेणाच्या दंडगोलांना दमट हवेत बुरशी लागते, त्यामुळे पावसाळ्यात ते कोरड्या जागी ठेवणे आवश्यक असते.

ध्वनिमुद्रणाची सत्यता : नारायण पेठ

योग्य जोडणी असल्यास फोनोग्राफवर कोऱ्या मेणाच्या दंडगोलावर घरीही ध्वनिमुद्रण करता येई. घरगुती ग्रामोफोनमध्ये ही सोय नव्हती. म्हणून फोनोग्राफसोबत मिळालेले दंडगोल काही वेळा यंत्रापेक्षाही मौल्यवान ठरतात. पुण्याच्या नारायण पेठेतील केसरी वाड्यात (पूर्वीचा गायकवाड वाडा) १९१५ च्या गणेशोत्सवात बाळ गंगाधर टिळक यांचा आवाज मुद्रित झाल्याचे सांगणारे एक ध्वनिमुद्रण २०१२ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. अशा दाव्याची पडताळणी केवळ नव्या प्रतीवरून होऊ शकत नाही. मूळ माध्यम, मुद्रणयंत्र आणि ते हस्तांतरित होत आल्याचा लेखी पुरावा तपासावा लागतो. त्या काळी विद्युत मायक्रोफोनवर आधारित ध्वनिमुद्रण प्रचलित नव्हते. भोंग्याजवळचा आवाजच स्पष्ट उमटे व दंडगोल काही मिनिटांत संपे. मुद्रणाची लांबी व त्यातील दूरच्या आवाजांची स्पष्टता या मर्यादांशी ताडून पाहता येते.

कायदेशीर बाबी

पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार, गतकालीन विज्ञान, कला किंवा कारागिरीची साक्ष देणारी किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषांची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेखेरीज इतरांना करता येत नाही. त्यामुळे यंत्राचा काळ निश्चित करणे हे किमतीइतकेच कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

हे सुद्धा पहा

ग्रामोफोन
थॉमस अल्वा एडिसन
केसरी वाडा
नारायण पेठ